तेल वर, पाणी खाली

१

लवंगेची पोती भट्टीत रिकामी झाली, वाफ निघाली, गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत वास गेला आणि तेल मात्र आलंच नाही. एकदा नव्हे, लागोपाठ तीन खेपा.

"हे बघ," दादानं काचेची बरणी बहिणीच्या नाकाखाली धरली. तळाशी पिवळसर काहीतरी होतं, तेही बरणी वाकडी केली तरच दिसणारं. "पोत्यांनी लवंग गेली आणि निघालं हे. एवढ्यात डाससुद्धा बुडून मरायचा नाही."

बहीण म्हणजे साऱ्या घराची आत्या. पेशानं दातांची डॉक्टर. तिच्या खुर्चीत भलेभले मुकाट आ करतात, त्यामुळे घरात काही हरवलं किंवा बिनसलं की दादा तिलाच बोलावायचा. माणसाचं तोंड कसं उघडायचं ते हिला ठाऊक, अशी त्याची समजूत. आजही ती दवाखाना बंद ठेवून आली होती. हत्यारांची छोटी पेटी तेवढी सवयीनं बरोबर आली होती.

"वास आला म्हणजे तेल निघालं," दादा म्हणाला. "निघालं म्हणजे कुठेतरी गेलं. आणि भांड्यापाशी दिवसभर एकटी कोण? ती. मग मी काय डोळ्यांवर कातडं ओढून घेऊ?"

ती म्हणजे दादाची सून.

दादाचा कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडमधली एक भट्टी. भट्टीतली वाफ नळीतून जाताना गार व्हायची आणि पलीकडच्या खोलीतल्या तांब्याच्या उंच भांड्यात थेंबथेंब पडायची, पाणी आणि तेल एकत्रच. त्या भांड्याला वर एक चोच आणि खाली एक तोटी. तेल तरंगून चोचीतून बरणीत उतरायचं, पाणी तोटीतून भिंतीपलीकडच्या हौदात जायचं. वडिलांच्या वेळेपासून इथे दोनच तेलं निघत आली होती, गवती चहाचं आणि निलगिरीचं. वडिलांनी धंद्याचं सगळं शास्त्र चार शब्दांत बसवलं होतं: तेल वर, पाणी खाली. दादा हे शब्द पोथीतली ओवी म्हणावी तसे म्हणायचा. लवंगेचं काम मात्र पहिल्यांदाच आलं होतं. जावयानं ते एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून आणलं होतं.

"संध्याकाळी तिचा भाऊ येतोय," दादा म्हणाला. "त्याच्याबरोबर तिला पाठवून देतो. पोलीसबिलीस नकोत, अब्रूचा प्रश्न आहे. पण या घरात ती नको."

"तू ठरवूनच बसलायस, तर मला कशाला बोलावलंस?"

"तिनं कबूल करावं म्हणून."

आत्यानं पदर खोचला आणि भांड्याच्या खोलीकडे गेली. दार उघडंच होतं. सून जमिनीवर बसून तांब्याचं भांडं घासत होती. ज्या भांड्यापायी ती चोर ठरली, तेच चकचकीत करत होती. दाराशी तिची भरलेली पिशवी.

"आत्या," ती मान वर न करता म्हणाली, "आधी पिशवी तपासून घ्या. मग बोलू."

२

आत्यानं पिशवीला हात लावला नाही. तिनं चहा मागवला आणि पालथ्या बादलीवर बैठक मारली.

सुनेनं चहा घेतला तो उकळता. एका दमात अर्धा पेला संपवून तिनं तोंड पुसलं. तीन दिवस रडून डोळे सुजलेले, पण घास आणि घोट जात होते. रडणारी माणसं जेवत असली की आत्याला धीर यायचा.

"सांग. अगदी पहिल्यापासून."

"सांगण्यासारखं काय आहे? नेहमी करते तेच केलं. वाफ सुरू झाली की खालची तोटी थोडी सोडायची, पाणी जात राहतं. वर तेल साचतं, ते चोचीतून येतं. या वेळी चोचीतून नुसती साय आली. बाबा म्हणाले, दुसऱ्या खेपेला बघू. तेव्हाही तेच. मग सगळ्यांना अंगणात उभं करून म्हणाले, माझ्या घरात चोर आहे." ती थांबली. "माझ्याकडे बघून म्हणाले."

"पाणी कसं येत होतं?"

"दुधासारखं गढूळ. मी सांगितलं होतं बाबांना. ते म्हणाले, तू पाण्याचं नको सांगूस, तेलाचं सांग."

"आणि हौदातलं पाणी? ते तर बागेत सोडता ना तुम्ही?"

"एरवी सोडतो. या वेळी जावईबापूंनी बूच घालायला सांगितलं. म्हणाले, लवंगेच्या वासाचं पाणी फरशी पुसायला विकता येईल." ती खिन्न हसली. "त्यांच्या डोक्यात सतत काहीतरी विकायचं असतं."

आत्या हसली नाही. "खोलीत कोण कोण येतं?"

"तेच तर!" सुनेनं घासणी खाली ठेवली. "तिसऱ्या खेपेला मी हट्टानं आतून कडी लावली. म्हटलं, आता बघू कोण नेतंय तेल. पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत आत एकटी बसले. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. खिडकीला जाळी. आणि तेल नाहीच आलं." तिनं घासणी पुन्हा उचलली. "माझं निर्दोषपण सिद्ध करायला गेले आणि स्वतःच्याच गळ्यात फास घालून घेतला. यांनीही परगावाहून फोनवर विचारलं, खरं सांग, घेतलंस का. यांनी, आत्या! बंद खोलीतून तेल जातं कसं? मी नाही, तर कोण?"

नको वाटत असतानाही आत्यालाही क्षणभर त्या भरलेल्या पिशवीचा संशय आला.

३

व्हरांड्यात जावई बसला होता. दादाची लेक चिमी शेजारी सुपारी कातरावी तशी बोलत होती, बारीक आणि न थांबता.

पेशानं फिरता विक्रेता, त्यामुळे एरवी हा जावई म्हणजे बोलघेवडा. एकदा सुरू झाला की समोरच्याला दोन वेळा भूक लागायची. आज मात्र ओठ जेमतेम उघडत होते.

"दादांचं दुःख बघवत नाही," तो म्हणाला. "मी बाहेरचा, मी काय बोलणार? पण सून आणताना पारखून घ्यावी."

"तुम्हाला काय वाटतं, तेल कुठे गेलं असेल?"

"तिच्या भावाचं दुकान आहे ना सुगंधाचं? मी काही म्हणत नाही. आपलं डोक्यात आलं."

कुणी 'मी काही म्हणत नाही' असं म्हणालं, की जे म्हणायचं ते सगळं म्हणून झालेलं असतं. आत्यानं मान डोलावली. "चहा गार झाला तुमचा. साय धरली बघा."

"गारच बरा."

"अगं आत्या, यांचं चार दिवस पोटच बिघडलंय," चिमी मध्ये पडली. "नुसतं थंड दूध आणि केळी. परवा भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तर म्हणे कळतच नाही!"

"चिमे, पोटाचं काय सांगतेस? आत्या दातांच्या आहेत," जावई म्हणाला आणि पेपर डोळ्यांसमोर धरला.

भट्टीमामा शेडच्या मागे सापडला. लहानपणापासून भट्टीची आग सांभाळलेला माणूस, सारं घर त्याला मामा म्हणायचं. आत्याला बघून त्यानं तोंड फिरवलं. पण वास काही फिरवता येत नाही. त्याच्या श्वासाला लवंगेचा घमघमाट होता, आणि एक गाल लिंबाएवढा फुगलेला.

"मामा, तोंडात काय आहे?"

"काही नाही."

"उघड."

पंचवीस वर्षांच्या सरावाचा तो शब्द होता. मामाचं तोंड आपोआप उघडलं. दाढेत लवंगा कोंबलेल्या.

"पोत्यातून मूठभर घेतल्या," त्याचे डोळे भरले. "दाढ ठणकते, डॉक्टरीणबाई. पैसे मागायची लाज वाटली. आता चोर म्हणायचं तर मला म्हणा, पण त्या पोरीला सोडा."

"गप्प बस. चोर कसला, कीड लागलीय तुला." आत्यानं पेटी उघडली, आरशानं सारं तोंड नीट पाहिलं. दाढ पोखरलेली, बाकी जीभ, गाल, ओठ आतून स्वच्छ गुलाबी. कापसाचा बोळा पेटीतल्या लवंगेच्या तेलात बुडवून तिनं दाढेत बसवला. बाटलीचं झाकण लावताना एक थेंब निसटला आणि चूळ भरायला ठेवलेल्या काचेच्या पेल्यात पडला.

थेंब पाण्यावर पसरला नाही. पिवळ्या मण्यासारखा हळूहळू खाली गेला आणि तळाशी जाऊन बसला.

हे तिनं दवाखान्यात हजार वेळा पाहिलं होतं. पेले धुताना तळाला चिकटलेला तो पिवळा मणी खरवडून काढायला लागायचा म्हणून वैतागलीही होती. पण वैतागणं वेगळं आणि बघणं वेगळं. पेला उचलून तिनं उजेडात धरला आणि मामा 'काय झालं, काय झालं' म्हणत असताना तशीच उभी राहिली.

"मामा," ती शेवटी म्हणाली, "भट्टीतलं पाणी किती आहे ते दाखवणारी काचेची नळी असते ना, तिची जादाची एखादी आहे? आण. आणि सगळ्यांना हौदापाशी बोलाव. जावईबापूंनासुद्धा."

४

हौद कमरेएवढा उंच, विटांचा. आतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं. तळ दिसत नव्हता.

आत्यानं काचेची नळी दोन्ही टोकं उघडी ठेवून सरळ खाली सोडली, तळाला टेकवली. मग वरच्या टोकावर अंगठा दाबला आणि नळी उचलली. अंगठा होता तोवर आतलं काही सांडलं नाही. हौदात वरपासून खालपर्यंत जे जसं होतं, ते तसंच नळीत उभं राहिलं: वर गढूळ पाणी, आणि अगदी खाली, नखभर, मधाच्या रंगाचं काहीतरी.

"दादा, हात पुढे कर."

तिनं अंगठा जरासा सैल केला. दादाच्या तळहातावर जाड थेंब पडला. त्यानं वास घेतला आणि त्याचा चेहरा बदलला.

"हे तर... पण हे खाली कसं? तेल वर असतं!"

"कुणी सांगितलं?"

"वडिलांनी!"

"वडिलांनी गवती चहाचं सांगितलं होतं. तरंगायचं की बुडायचं, हे 'तेल' या नावावर ठरत नाही रे. तेवढ्याच पाण्यापेक्षा हलकं असेल ते वर, जड असेल ते खाली. तुझी दोन्ही तेलं हलकी. लवंगेचं जड. त्यातला जरासा हलका भाग तेवढा तुझ्या बरणीत आला. बाकीचं भांड्याच्या तळाशी बसत गेलं, आणि ही पोर तुझ्याच शिकवणीप्रमाणे इमानानं खालची तोटी सोडत राहिली. बंद खोलीत चोर शिरलाच नाही. तेल पाण्याच्याही आधी, तोटीतून, तिच्या डोळ्यांदेखत बाहेर गेलं."

सुनेनं हौदाचा काठ धरला. तिला हसू येत होतं की रडू, हे तिलाही कळत नसावं.

"म्हणजे तेल घरातच आहे!" दादा ओरडला.

"वा!" जावयानं टाळ्या वाजवल्या. "म्हणजे कुणीच चोर नाही. चला, संपलं! आत जाऊ या."

"टाळ्या जरा थांबवा, जावईबापू," आत्या म्हणाली. "दादा, तीन खेपांचं मिळून तेल किती निघायला हवं होतं?"

"गिऱ्हाइकाच्या अंदाजानं..." दादा हौदाच्या लांबीरुंदीवर नजर फिरवू लागला. धंद्यातला माणूस तो, मनातल्या मनात मोजायला वेळ लागला नाही. आणि मोजून झाल्यावर त्याचा आनंद तोंडावरच विरला. "तळाशी चार बोटं तरी थर हवा."

"आणि आहे नखभर."

आत्या हौदाला वळसा घालून मागे गेली. तिथे जमीन उताराला लागत होती आणि गवत गुडघाभर माजलं होतं. फक्त एका जागी, डब्याच्या बुडाएवढ्या वर्तुळाभोवती, गवत करपून काळं पडलं होतं. तिथून उठणारा लवंगेचा वास नाकात शिरत होता.

"इथे कुणीतरी कॅन ठेवला होता," ती म्हणाली. "भरताना सांडलाही. तेल तळाशी आहे हे त्या माणसाला आपल्याआधीच ठाऊक होतं."

ती परत आली आणि एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागली. दादाला आपल्या बहिणीची ही नजर माहीत होती. दुखणारा दात कुठला, हे कळल्यावरची.

५

"हौद न उपसता तळातलं तेवढं तेल कसं काढायचं?" आत्या म्हणाली. "मामा, टेम्पोच्या टाकीतून डिझेल कसं काढतात?"

"नळी घालायची, तोंडानं ओढायचं, धार लागली की टोक खाली धरायचं."

"तसंच. नळी तळाला, दुसरं टोक उतारावरच्या कॅनमध्ये. एकदा धार लागली की पुढचं काम वरच्या पाण्याचा भारच करतो. पण ती पहिली ओढ तोंडानं घ्यावी लागते. डिझेल तोंडात आलं तर माणूस थुंकतो आणि विसरतो. हे तेल निराळं. आम्ही ते कापसाच्या टोकानं लावतो, तेही जपून. निव्वळ घोटभर तोंडात आलं तर आतली कातडी भाजते, पांढरी पडते. जीभ बधिर होते, चव कळत नाही. गरम काही घ्यायची सोय राहत नाही."

चिमी एकदम गप्प झाली. इतकी, की सगळ्यांना ते ऐकू आलं.

"आज सकाळपासून मी या घरातली तोंडंच बघतेय," आत्या पुढे म्हणाली. "सून माझ्यासमोर उकळता चहा प्यायली. मामाचं तोंड मी आरशानं पाहिलं, दाढ सोडली तर निरोगी आहे. दादा सकाळपासून ओरडतोय, भाजलेल्या तोंडानं एवढं ओरडता येत नाही. राहता राहिले..."

"हे फार होतंय," जावई म्हणाला. "मी या घरचा जावई आहे. माझ्या तोंडात बघणार तुम्ही?"

"फुकट बघते. एरवी पैसे घेते."

तो हलला नाही. चिमी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पोट बिघडलंय ना तुमचं? मग दाखवा की तोंड. तोंडाला काय झालंय?"

जावयाची नजर खाली गेली.

"गिऱ्हाइकानं सांगितलं होतं," तो पुटपुटला. "हे तेल जड असतं, खालून धरा. मी सांगणारच होतो दादांना. पण दादा कुणाचं ऐकतात? तेल वर, पाणी खाली! म्हटलं, वाहूनच जाणार आहे तर बूच तरी घालू. स्वतःचं काहीतरी सुरू करायचं होतं मला. दुसऱ्याच्या मालाची पिशवी घेऊन किती वर्षं हिंडू?" त्यानं मान वर केली. "आणि मी चोरलं काय? तुम्ही फेकून दिलेलं पाणी होतं ते. टाकलेलं उचललं, एवढंच."

क्षणभर ते सगळ्यांनाच पटल्यासारखं झालं. तो माल विकण्यात पटाईत होताच.

"टाकलेलं उचलणं ही चोरी की नाही, यावर वकिलांनी भांडावं," आत्या म्हणाली. "पण अंगणात हिला चोर म्हटलं तेव्हा तुम्ही तिथे उभे होतात. एक वाक्य बोलला असतात तर पुरलं असतं. ते तर नाहीच, उलट तिच्या भावाचं दुकान माझ्या डोक्यात घातलंत. तेल राहू दे. तिचं नाव कुणी टाकलेलं नव्हतं, ते तुम्ही उचललंत."

चिमीनं नवऱ्याच्या खिशातून गाडीची किल्ली काढून घेतली. विचारलंही नाही. गाडीचं मागचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि मग एकेक कॅन दोन्ही हातांनी ओढत तिनं व्हरांड्यात आणून ठेवला. मामा मदतीला धावला, तर म्हणाली, "नको. मीच आणते." शेवटचा कॅन ठेवून ती पायरीवर बसली. आत्या शेजारी बसली. बोलण्यासारखं जे होतं ते चिमीला घरी जाऊन बोलायचं होतं, आणि ते फार लांबणार होतं.

दादानं घसा खाकरला. "बरं, झालं ते झालं. घरातलं घरात राहू दे. माल मिळाला, गिऱ्हाइकाला देऊन टाकू. सूनबाई, ती पिशवी आत ठेव. उद्या चौथी खेप लावायची आहे."

सून जागची हलली नाही.

"बाबा, मला चोर म्हणताना तुम्ही सगळ्यांना अंगणात उभं केलं होतं."

"अगं, म्हणजे आता मी..."

"मी नाही ठेवत पिशवी."

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. तिचा भाऊ उतरला. बहिणीला चोर म्हणून न्यायला आलेल्या माणसाचा जसा असावा, तसा त्याचा चेहरा होता. कुणाच्या नजरेला नजर न देता तो अंगणात येऊन उभा राहिला.

दादानं बहिणीकडे पाहिलं. आत्यानं आपली पेटी उगाचच आवरायला घेतली. या दाताला तिच्या हत्याराचा उपयोग नव्हता, तो त्याचा त्यानंच उपटायचा होता.

मग दादा अंगणाच्या मधोमध गेला. सुनेच्या भावासमोर, भट्टीवरच्या माणसांसमोर, स्वतःच्या लेकीजावयासमोर. पायातल्या चपलांकडे बघत तो काहीतरी बोलला.

"काय म्हणालात, मालक?" भट्टीमामानं विचारलं. "ऐकू नाही आलं."

मामाचे कान असे होते, की भट्टीत पाणी कमी झालेलं त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. दादालाही ते माहीत होतं. त्यानं मामाकडे रोखून पाहिलं. मामानं गालावर हात ठेवून निरागस चेहरा केला.

"म्हटलं," दादा मोठ्यानं म्हणाला, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या गच्चीवरची बाई वाळलेले कपडे काढायची थांबली, "हिनं काही घेतलं नव्हतं. काम चोख केलं होतं हिनं. चूक माझी होती."

सुनेच्या भावानं पहिल्यांदा मान वर केली. सून भांड्याच्या खोलीत गेली. पिशवी अजून दाराशीच होती. ती तिनं उचलली, हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. मग ती भावाच्या हातात देऊन म्हणाली, "ही आत ठेव, आणि बस. चहा टाकते."

आणि दादाला म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही भांड्यापाशी बसा माझ्याबरोबर. कसं उतरवायचं ते दाखवते."